कॉलेजात असतानाच करिअर ठरवताना : बेळगाव-निपाणी सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी काय काय तपासावं

निपाणी शहर कर्नाटकात आहे. त्याला खेटून असलेलं अर्जुननगर मात्र महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात येतं. निपाणीतलं केएलई संस्थेचं जी. आय. बागेवाडी कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाला संलग्न आहे, तर अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला. एकाच गल्लीतली दोन मुलं दहावीनंतर या दोन कॉलेजांत गेली, तर तीन-चार वर्षांनी त्यांच्या हातातल्या डिग्रीचा आराखडा वेगळा असतो, स्कॉलरशिपचं पोर्टल वेगळं असतं आणि कुठल्या भरतीत अर्ज करता येईल याची उत्तरंही वेगळी असतात. घरातून कॉलेज निवडताना बहुतेकदा फी, बस आणि मित्र कुठे जातात एवढंच पाहिलं जातं. बाकीचा हिशेब लागतो तो फायनल इयरला, दाखला मागितला जातो तेव्हा.

करिअर निवडीची पुस्तकं आणि व्हिडिओ मुंबई-पुण्याच्या किंवा बेंगळूरच्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्याला त्यात नसलेले तीन प्रश्न पडतात : राहणं कुठल्या राज्यात, शिक्षण कुठल्या राज्यात आणि नोकरीला भाषा कुठली. या तीन प्रश्नांची उत्तरं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी माहीत असली, तर पुढची बरीच धावपळ वाचते. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या विद्यार्थ्यांसाठी त्याची ही एकत्रित माहिती.

डिग्री तीन वर्षांची की चार?

कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स डिग्री सुरू केली होती. मे २०२४ मध्ये राज्य सरकारने तो निर्णय फिरवला आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची डिग्री लागू केली. महाराष्ट्रात उलट घडलं. तिथल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय धोरण लागू झालं. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडायचं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची, असे दोन पर्याय तिथे आहेत.

याचा परिणाम पुढच्या शिक्षणावर होतो. तीन वर्षांची डिग्री घेतलेल्याला एमए, एमकॉम किंवा एमएस्सी दोन वर्षांची करावी लागते. चार वर्षांची ऑनर्स केलेल्याला एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची वाट उघडी असते. एकूण वर्षं पाचच, पण त्यांची विभागणी वेगळी. परदेशात शिकायचं असेल तर काही विद्यापीठं चार वर्षांची डिग्री मागतात, हेही ध्यानात ठेवावं. साधी सरकारी नोकरी, बँक, एलएलबी किंवा बीएडसाठी मात्र तीन वर्षांची डिग्री पुरते. त्यामुळे ‘चार वर्षांची म्हणजे भारी’ असं मानून कॉलेज निवडण्यात अर्थ नाही. पुढे काय करायचं आहे त्यावर ते ठरतं.

एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायची वेळ येऊ शकते, म्हणून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं पहिल्याच सेमिस्टरला उघडावं. मार्कलिस्ट डिजिलॉकरमध्ये दिसते का, नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटसारखंच आहे का, हेही तेव्हाच पाहावं. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरलेल्या आडनावांची स्पेलिंगं सीमाभागात हमखास बदलतात. भरतीच्या वेळी कागदपत्रं तपासताना हीच चूक अंगाशी येते.

दोन सीईटी, दोन हिशेब

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांसारख्या कोर्ससाठी कर्नाटकात केईए म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची केसीईटी आहे, महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी. दोन्ही परीक्षा देणारे विद्यार्थी सीमाभागात पुष्कळ आहेत, आणि ते शहाणपणाचंच आहे.

कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक काढताना दुसऱ्या पीयूसीच्या विषयांचे ५० टक्के आणि केसीईटीचे ५० टक्के गुण धरले जातात. महाराष्ट्रात बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते, मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर. म्हणजे बोर्डात चांगले गुण आणि सीईटीत बेताचा निकाल असलेल्या विद्यार्थ्याला कर्नाटकाची पद्धत सोयीची पडते. ज्याचं उलट आहे त्याने महाराष्ट्राकडे पाहावं.

केसीईटीच्या नेहमीच्या पात्रतेची अट अशी, की पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण झालेलं असावं आणि दहावी किंवा बारावीची परीक्षा कर्नाटकातून पास झालेली असावी. निपाणीत दहावीपर्यंत शिकून अकरावी-बारावी महाराष्ट्रात केलेल्या विद्यार्थ्याची ही अट पूर्ण होऊ शकते. पण त्याला शाळेचं स्टडी सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर बीईओंची सही लागते. मे-जूनच्या गर्दीत बीईओ ऑफिसच्या फेऱ्या मारण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीतच हे काम उरकावं. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना १५ टक्के ग्रामीण आरक्षण असतं. त्याला माध्यमाची अट नाही, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्यांनाही ते मिळतं. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आरक्षण मात्र त्यांना लागू होत नाही.

मेडिकल, डेंटल आणि आयुर्वेदसाठी देशभर नीट एकच आहे आणि ती मराठीतूनही देता येते. प्रवेशाचं कौन्सेलिंग मात्र राज्यवार होतं, म्हणून वरची कागदपत्रं तिथेही लागतात.

८६५ गावांचा दाखला

महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. सीईटी कक्षाच्या भाषेत हा उमेदवार ‘टाइप-ई’, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागाचा. त्यासाठी दोन गोष्टींची प्रमाणपत्रं ठरलेल्या नमुन्यात लागतात : उमेदवार सीमाभागातला आहे आणि त्याची मातृभाषा मराठी आहे. अर्ज भरताना चुकून ‘इतर राज्य’ हा पर्याय टिकला, तर हा हक्क हातचा जातो. फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेणाऱ्यांनी हा रकाना स्वतः वाचावा.

नोकरीचंही तसंच. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या निर्णयानुसार ८६५ गावांत १५ वर्षं राहिलेले मराठी उमेदवार बाकीच्या अटी पुऱ्या करत असतील, तर महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी अर्ज करू शकतात. पोलीस भरती आणि जिल्हा परिषदेच्या जाहिरातींत हा उल्लेख येतो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते, ही मराठी माध्यमाच्या मुलांच्या जमेची बाजू.

दोन गोष्टींत फसगत होते. पहिली, आपलं गाव यादीत आहे असं गृहीत धरलं जातं. यादी गावांच्या नावांनी आहे, तेव्हा नाव प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. दुसरी, रहिवासाची सवलत म्हणजे जातीचं आरक्षण नव्हे. कर्नाटकात मराठा समाज ३-ब प्रवर्गात येतो. महाराष्ट्रातले प्रवर्ग, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेअरचे नियम वेगळे आहेत. नाडकचेरीतून मिळालेला जातीचा दाखला महाराष्ट्राच्या भरतीत जसाच्या तसा चालेल असं समजू नये. केंद्र सरकारच्या ओबीसी यादीचं तिसरंच गणित असतं, राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. तयारी सुरू करण्याआधी आपण कुठल्या भरतीत कुठल्या प्रवर्गात बसतो हे कागदावर लिहून काढावं. खुल्या प्रवर्गातून लढायचं असेल तर ते आधीच माहीत असलेलं बरं.

महाराष्ट्राच्या बाजूच्या कन्नड भाषिकांसाठी कर्नाटकानेही अशीच सोय ठेवली आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांतले विद्यार्थी ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून केसीईटीत येऊ शकतात, त्यांना कन्नडची चाचणी द्यावी लागते. बिदर जिल्ह्यातल्या भालकी, औराद, हुमनाबादच्या मराठी विद्यार्थ्यांना घटनेच्या कलम ३७१-जे नुसार कल्याण कर्नाटकाच्या राखीव जागा मिळतात. बेळगाव जिल्हा त्यात येत नाही.

कन्नडचा पेपर टाळता येईल का?

सीमाभागात या विषयावर बोलताना भावना आड येतात. मराठीचा आग्रह आणि कन्नडचं ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं घरातलं मोठं माणूस क्वचितच सांगतं. नोकरीच्या दृष्टीने चित्र स्पष्ट आहे. कर्नाटक राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड लागतंच. गट-क पदांच्या भरतीत सर्वसाधारणपणे १५० गुणांचा सक्तीचा कन्नड पेपर असतो आणि त्यात किमान ५० गुण मिळवावे लागतात. तेवढे मिळाले नाहीत, तर बाकीच्या पेपरांत कितीही गुण असले तरी उपयोग नाही. केपीएससीच्या गॅझेटेड अधिकारी परीक्षेतही कन्नडचा पात्रता पेपर आहे.

हा पेपर साहित्याचा नसतो, साधारण दहावीच्या पातळीचा असतो. २०१५ च्या कायद्यानंतर शाळांत कन्नड टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, त्यामुळे आज कॉलेजात असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना अक्षरओळख असते. बोलणंही बाजारात, बसमध्ये कानावर पडलेलं असतं. कमी पडतं ते लिहिणं. डिग्रीच्या तीन वर्षांत रोज एक पान कन्नड वर्तमानपत्र वाचलं आणि आठवड्याला एक पत्र किंवा सारांश लिहिला, तर हा पेपर अवघड राहत नाही. परीक्षेच्या महिनाभर आधी सुरुवात करणाऱ्याची मात्र गाडी तिथेच अडते.

दोन्ही भाषा येणाऱ्याला काही ठिकाणी दुप्पट संधी असते. पोस्टाच्या ग्रामीण डाक सेवक भरतीत दहावीच्या गुणांवर निवड होते आणि त्या सर्कलची स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते. कर्नाटक सर्कलसाठी कन्नड, महाराष्ट्र सर्कलसाठी मराठी. मराठी प्रथम भाषा आणि कन्नड दुसरी किंवा तिसरी भाषा घेऊन एसएसएलसी पास झालेल्या विद्यार्थ्याला दोन्हीकडची दारं उघडी आहेत. बँकांच्या क्लार्क भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज केला त्या राज्याची भाषा वाचता, लिहिता, बोलता यावी लागते. स्टेट बँकेत दहावी किंवा बारावीच्या मार्कलिस्टवर ती भाषा असेल तर वेगळी चाचणी घेत नाहीत. म्हणून एसएसएलसीची मूळ मार्कलिस्ट सांभाळून ठेवावी.

केंद्राच्या परीक्षा : मराठीतून काय देता येतं

यूपीएससीची पूर्वपरीक्षा इंग्रजी-हिंदीतच असते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि मुलाखतही मराठीतून देता येते. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या एमटीएस आणि सीएचएसएल परीक्षा मराठी आणि कन्नडसह १३ प्रादेशिक भाषांत होतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची कॉन्स्टेबल भरतीही १ जानेवारी २०२४ पासून तशीच. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षांनाही मराठीचा पर्याय असतो. या सगळ्यांना देशातला कुठलाही नागरिक बसू शकतो, तिथे सीमाप्रश्नाची अडचण येत नाही.

अडचण येते ती वर्षांची. यूपीएससीला खुल्या प्रवर्गातून सहा प्रयत्न आणि वयाची ३२ वर्षं ही मर्यादा आहे. पुण्यात किंवा धारवाडात खोली करून राहायचं, मेस, क्लास, टेस्ट सिरीज यांचा खर्च घरच्या उसावर किंवा दुकानावर चालतो. सुरू करण्याआधीच किती वर्षं आणि किती पैसे घालायचे, कुठल्या टप्प्यावर थांबायचं, हे आई-वडिलांसमोर बसून ठरवावं. थांबल्यावर हाताशी काय असेल, म्हणजे बीएड, एलएलबी, टॅली-जीएसटीचं काम की घरचा धंदा, तेही त्याच बैठकीत बोलावं. पाच वर्षांनी हा विषय काढणं फार जड जातं.

लष्कर : बेळगावच्या दारातली वाट

मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा १७६८ पासूनची, आणि तिचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे पहाटे पळणारी मुलं इथल्या प्रत्येक गावात दिसतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर हिशेब बदलला आहे. भरती चार वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात आणि बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन परतावं लागतं. आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला आहे. नुसतं पळून चालत नाही, गणित आणि सामान्य ज्ञानही पक्कं लागतं.

भरती रहिवासाच्या जिल्ह्याप्रमाणे होते. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर जवळ वाटलं, तरी त्याचं भरती कार्यालय बेळगावचं. वयाची मर्यादा विशीच्या सुरुवातीलाच संपते, म्हणून डिग्री पूर्ण करून मग पाहू म्हणणाऱ्याची संधी निघून जाऊ शकते. अधिकारी व्हायचं असेल तर मात्र डिग्री हवीच. सीडीएस, हवाई दलाची एएफकॅट आणि एनसीसी ‘सी’ सर्टिफिकेटवरची स्पेशल एंट्री या पदवीधरांच्या वाटा आहेत. ‘सी’ सर्टिफिकेटपर्यंत जायचं तर एनसीसीत फर्स्ट इयरलाच नाव घालावं लागतं. तिसऱ्या वर्षी इच्छा होऊन उपयोग नसतो.

उद्यमबाग ते कागल : कारखान्यातलं काम

बेळगावचा उद्यमबाग आणि मच्छे परिसर फाउंड्री, मशिनिंग आणि हायड्रॉलिक्ससाठी ओळखला जातो. हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला एकस कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे, तिथे विमानांचे सुटे भाग बनतात. निपाणीच्या वरच्या अंगाला कागलची पंचतारांकित एमआयडीसी, गोकुळ शिरगाव आणि शिरोली. चंदगड तालुक्यातली शिनोळीची औद्योगिक वसाहत बेळगावच्या जवळच. खासगी नोकरीला डोमिसाइल लागत नाही. सीमाभागातल्या तरुणाला हा पट्टा सलग आहे.

या पट्ट्यात बीई झालेल्या पण ड्रॉइंग न वाचता येणाऱ्यापेक्षा सीएनसी किंवा व्हीएमसी चालवणाऱ्या, टूल बदलणाऱ्या, मोजमाप घेणाऱ्या हाताला आधी काम मिळतं. बेळगावात शासकीय टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र म्हणजे जीटीटीसी आहे. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तिथे होतो. डिप्लोमावाल्यांना पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. कर्नाटकात त्यासाठी डीसीईटी असते, महाराष्ट्रात डिप्लोमाच्या गुणांवर मेरिट लागतं. फी आणि वर्षं दोन्हींचा विचार करता अनेक घरांना हा रस्ता परवडतो.

डिग्री किंवा डिप्लोमा झाल्यावर अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. केंद्राच्या एनएटीएस पोर्टलवर नोंदणी केली की एक वर्ष स्टायपेंड घेऊन कारखान्यात शिकता येतं. ते वर्ष बायोडेटात अनुभव म्हणून दिसतं.

ऊस हे या भागाचं मुख्य पीक, आणि साखर कारखान्यांत केमिस्ट, लॅब आणि इंजिनिअरिंगची कामं असतात. बेळगावातली एस. निजलिंगप्पा साखर संस्था आणि पुण्याजवळची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या दोन ठिकाणी साखर तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं. बीएस्सी केमिस्ट्री करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘एमएस्सी नाही तर काय’ या प्रश्नावर हा पर्याय पाहावा. इथेनॉलमुळे डिस्टिलरीचं कामही वाढलं आहे. निपाणीची ओळख मात्र तंबाखू आणि विडीची. त्या व्यवसायात आई-आजीने हात झिजवलेल्या घरांतून आज पहिल्यांदा मुली डिग्रीला येतात. त्यांच्यासाठी करिअरचा प्रश्न एकट्याचा नसतो, घराच्या चुलीचा असतो.

कॉमर्स, कायदा, आरोग्य

बीकॉम करणाऱ्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोठी आहे. त्यांनी एक फरक ओळखावा : हिशेब लिहिणं वेगळं, हिशेबाची जबाबदारी घेणं वेगळं. सीएसाठी कॉमर्स पदवीधराला ५५ टक्के गुण असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला जाता येतं. बाकी शाखांना ६० टक्के लागतात. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची झाली आहे. सीए जमत नसेल तर सहकाराचं क्षेत्र आहे. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांना हिशेब कळणारी माणसं लागतात. महाराष्ट्राच्या सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा त्यासाठी उपयोगी पडते.

कायद्याचं शिक्षण बेळगावात जुनं आहे. कर्नाटक लॉ सोसायटी १९३९ ची आणि राजा लखमगौडा लॉ कॉलेज तिचंच. पदवीनंतर एलएलबी तीन वर्षांची, बारावीनंतर पाच वर्षांची. बेळगावच्या वकिलाला धारवाडचं उच्च न्यायालयाचं पीठ जवळ आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. जमीन, वारसा, लग्न आणि व्यवहार सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. कन्नड सातबारा, म्हणजे इथला आरटीसी उतारा, आणि मराठी सातबारा दोन्ही वाचू शकणारा वकील या भागात कायम लागणार.

आरोग्य क्षेत्र म्हणजे एमबीबीएसच, असं नाही. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी या कोर्सना बेळगावात मोठी रुग्णालयं आणि कॉलेजं आहेत. प्रवेश घेताना कोर्सला आणि कॉलेजला त्या त्या कौन्सिलची मान्यता आहे का, आणि शिकवणाऱ्या संस्थेला स्वतःचं रुग्णालय आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. मान्यता नसलेल्या ठिकाणची दोन-तीन वर्षं भरून निघत नाहीत.

शिक्षक आणि अनुवादक

मराठी शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या टीईटी वेगवेगळ्या आहेत. केंद्राची सीटीईटी तिसरी, तिच्यात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा निवडता येतात. महाराष्ट्रात टीईटीनंतर टेट परीक्षा आणि पवित्र पोर्टल असा क्रम आहे. भरती दरवर्षी होत नाही. डीएलएड किंवा बीएड करण्याआधी याचा विचार करावा.

दोन भाषांच्या मधोमध वाढण्याचा सर्वांत मोठा फायदा अनुवादात दिसतो. एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. साहित्याच्या अनुवादावर घर चालतंच असं नाही. पण कोर्टाची कागदपत्रं, जमिनीचे उतारे, बँकांचे फॉर्म, अ‍ॅप आणि सबटायटल यांचं कन्नड-मराठी-इंग्रजी काम पैसे देऊन करून घेतलं जातं. बीए करणाऱ्याने कॉलेजात असतानाच कुणा वकिलाकडे किंवा छापखान्यात अशी कामं मागून पाहावीत.

मुलींच्या निवडीत बसचा वाटा

अनेक घरांत मुलीचा कोर्स ठरतो तो बसच्या वेळेवर. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यांतर्गत सरकारी बसमध्ये महिलांचा प्रवास मोफत आहे. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. निपाणीहून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या बेळगावला मुलगी फुकट जाऊ शकते, निम्म्याच अंतरावरच्या कोल्हापूरला मात्र तिकीट पडतं. हा फरक महिन्याच्या बजेटमध्ये मोठा असतो. पण एका तिकिटापायी तीन वर्षांचा कोर्स बदलू नये. पास, हॉस्टेल, आठवड्याचे तास आणि कोर्सनंतरची कमाई असा चौकोनी हिशेब मांडावा. मग कधी बेळगाव बरं ठरेल, कधी कोल्हापूर.

वर्षवार काय करावं

पहिलं वर्ष : कागदपत्रांची फाइल करावी. एसएसएलसी आणि पीयूसी किंवा बारावीच्या मार्कलिस्ट, स्टडी सर्टिफिकेट, नाडकचेरीतून जात-उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, ८६५ गावांच्या यादीत गाव असेल तर त्याचं प्रमाणपत्र. एनसीसी किंवा एनएसएसला नाव घालावं. कन्नड लिहिण्याचा सराव सुरू करावा. स्कॉलरशिपसाठी कर्नाटकाचं एसएसपी, महाराष्ट्राचं महाडीबीटी आणि केंद्राचं एनएसपी यांतलं आपल्याला कुठलं लागू आहे, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारावं.

दुसरं वर्ष : दोन वाटा निवडून प्रत्यक्ष पाहाव्यात. सुट्टीत महिनाभर कारखान्यात, सीएच्या ऑफिसात, शाळेत किंवा दवाखान्यात काम करावं. त्या क्षेत्रात पाच वर्षं काढलेल्या दोन माणसांना भेटून पगार, वेळ आणि त्रास तिन्ही विचारावं. नातेवाइकांच्या सल्ल्यापेक्षा हे महिनाभराचं काम जास्त शिकवून जातं. एखाद्या परीक्षेचा जुना पेपर वेळ लावून सोडवावा. आवड आहे की नुसतं आकर्षण, हे तेव्हा कळतं.

तिसरं वर्ष : एक मुख्य वाट आणि एक हाताशी धरलेली दुसरी, असं ठरवावं. अर्जांच्या तारखा वहीत लिहाव्यात. जाहिरात स्वतः वाचावी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टवर विसंबू नये. नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

डिग्रीनंतर सहा महिन्यांत काम मिळालं नाही, तर कर्नाटकाच्या युवा निधी योजनेत पदवीधराला महिना ३००० आणि डिप्लोमाधारकाला १५०० रुपये जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात. तिलाही रहिवास आणि शिक्षणाच्या अटी आहेत. शेजारच्या राज्यात शिकलेल्यांनी त्या आधी तपासाव्यात.

नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीची केईए किंवा सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका आणि भरतीची मूळ जाहिरात हाच अखेरचा आधार. पुस्तिकेतलं पात्रतेचं आणि कागदपत्रांचं प्रकरण प्रिंट काढून घरच्यांसोबत वाचावं. न कळणारी ओळ कॉलेजच्या ऑफिसात किंवा हेल्पलाइनवर विचारून घ्यावी. त्याला एक संध्याकाळ पुरते, आणि एक वर्ष वाचतं.